कृतज्ञता, कंत्राट आणि बालक : पेनसिल्व्हेनियातील सैनिकी अनाथ शाळांच्या कायद्याची चिकित्सा

प्रस्तावना :

युद्धात कामी आलेल्या सैनिकाच्या मुलांचा सांभाळ कोणी करावयाचा, हा प्रश्न प्रत्येक युद्धानंतर समाजापुढे उभा राहतो. त्याचे उत्तर कधी भाऊबंदांनी, कधी गावाने, कधी धर्मसंस्थेने, तर कधी राजसत्तेने दिलेले आहे. मराठी वाचकाला यातील शेवटचे उत्तर अपरिचित नाही. पेशवेकालीन कागदपत्रांत 'बालपरवेशी' हा शब्द आढळतो. लढाईत पडलेल्या शिपायाच्या अज्ञान मुलांच्या पोषणासाठी सरकारातून करून दिलेली नेमणूक, असा त्याचा अर्थ होय. ही नेमणूक धन्याच्या कृपेवर आणि सनदेवर अवलंबून असे. आधुनिक राज्याने कृपेच्या जागी कायदा आणला, असे सामान्यतः मानले जाते. परंतु कायदा झाल्याने कृपेचे हक्कात रूपांतर होतेच काय, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाची तपासणी करण्यासाठी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया या घटक राज्याचे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते. या राज्याने १८६४ मध्ये दिवंगत सैनिकांच्या निराधार मुलांच्या पालनपोषणाची व शिक्षणाची कायदेशीर तरतूद केली आणि त्या परंपरेतील अखेरची निवासी शाळा २००९ मध्ये बंद केली. जवळजवळ दीड शतकाचा हा पट आहे. या कायद्यांनी हजारो मुलांना अन्न, वस्त्र व अक्षरओळख दिली, हे निर्विवाद होय. तथापि बालकाला स्वतंत्र हक्कदार न मानता केवळ सैनिकाचे अपत्य म्हणून पाहिल्यामुळे त्यांत आरंभापासूनच एक मूलभूत उणीव राहून गेली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

कायद्याचा उगम : एक देणगी

अमेरिकन यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) पेनसिल्व्हेनियातून तीन लाखांहून अधिक माणसे उत्तरेच्या बाजूने लढली. १८६२ मध्ये सैन्यभरतीला वेग यावा म्हणून पेनसिल्व्हेनिया रेल्वे कंपनीने राज्याला ५०,००० डॉलर देऊ केले. ही रक्कम स्वयंसेवक सैनिकांना भरतीच्या वेळी द्यावयाच्या इनामासाठी होती. विधिमंडळाच्या संमतीवाचून ती स्वीकारण्याचा अधिकार गव्हर्नर अँड्र्यू कर्टिन यांना नव्हता. दरम्यानच्या काळात रणांगणावरील मृत्यूंची संख्या वाढत गेली आणि विधवा व मुलांची दैना सर्वांच्या डोळ्यांसमोर आली. तेव्हा हीच रक्कम सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी वापरावी, असा विचार कर्टिन यांनी पुढे मांडला.

विधिमंडळाने विस्तृत योजना मंजूर केली नाही. ६ मे १८६४ च्या छोट्याशा कायद्याने गव्हर्नरांना एवढाच अधिकार दिला की, त्यांनी ती देणगी स्वीकारावी व दिवंगत सैनिक आणि नाविकांच्या निराधार मुलांच्या शिक्षण व पोषणासाठी तिचा विनियोग करावा. म्हणजे ज्या कायद्याला पुढे राज्याच्या औदार्याचे प्रतीक मानले गेले, त्याच्या मुळाशी राज्याचा पैसाच नव्हता. एका खाजगी कंपनीने सैन्यभरतीसाठी देऊ केलेली रक्कम दुसऱ्या कामाकडे वळविण्याची ती परवानगी होती. बालकाविषयीचे कोणतेही कर्तव्य राज्याने त्यात स्वतःवर घेतलेले नव्हते.

या योजनेचे अधीक्षक म्हणून थॉमस बरोज यांची नियुक्ती झाली. राज्यातील सार्वत्रिक शाळांची घडी बसविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. सैनिकांच्या मुलांकडे भिकारी म्हणून पाहिले जाऊ नये, अशी त्यांची भूमिका होती आणि ती तत्कालीन वातावरणात निश्चितच पुरोगामी होती. परंतु हाती असलेली रक्कम तुटपुंजी होती. नव्या इमारती उभारणे शक्य नसल्याने त्यांनी अस्तित्वात असलेल्या खाजगी शाळा व अनाथगृहांशी करार केले आणि प्रत्येक मुलामागे वार्षिक ठराविक रक्कम देण्याची पद्धत स्वीकारली. आर्थिक अडचणीतून निघालेला हा तात्पुरता मार्ग पुढे पाव शतक कायम राहिला.

अनुदानासाठी मुलांचे प्रदर्शन :

देणगी संपल्यानंतर योजनेचे भवितव्य विधिमंडळाच्या वार्षिक मंजुरीवर अवलंबून राहिले. युद्ध संपताच खर्चाविषयी कुरबुर सुरू झाली. १८६६ मध्ये अनुदानाचा प्रश्न ऐरणीवर आला असताना मॅकॲलिस्टरव्हिल येथील शाळेच्या मुलांना राजधानी हॅरिसबर्ग येथे विधिमंडळापुढे उभे करण्यात आले. गणवेषातील मुलांनी गाणी म्हटली, भाषणे केली. सभासदांची मने द्रवली आणि अनुदान मंजूर झाले.

या प्रसंगाचे वर्णन अनेकदा भावपूर्ण शब्दांत केले जाते. चिकित्सक दृष्टीने पाहता मात्र तो अस्वस्थ करणारा आहे. ज्यांचा बाप राज्यासाठी मेला, त्या मुलांना स्वतःच्या जेवणाची तरतूद कायम राहावी म्हणून राज्यकर्त्यांपुढे गावे लागले. हक्काची वस्तू मागण्यासाठी गावे लागत नाही. सभागृहातील टाळ्या आणि अश्रू हे या व्यवस्थेच्या यशाचे लक्षण मानले गेले. वस्तुतः कायद्यात बांधीव जबाबदारी नव्हती, याचाच तो पुरावा होता. पुढे १८६७ च्या कायद्याने या योजनेला अधिक सुसंघटित रूप दिले, सोळा वर्षांची वयोमर्यादा कायम झाली आणि गेटिसबर्गच्या लढाईत पाय गमावलेले जॉर्ज मॅकफारलंड अधीक्षक झाले. १८७१ मध्ये हा कारभार सार्वजनिक शिक्षण खात्याच्या प्रमुखांकडे सोपविण्यात आला. कारभाराची रचना सुधारली, परंतु वार्षिक मंजुरीचे परावलंबित्व गेले नाही.

पात्रतेची व्याख्या : कोणता बालक निराधार?

कोणत्याही कल्याणकारी कायद्याचा स्वभाव त्याच्या पात्रतेच्या कलमातून कळतो. येथे बालकाची गरज पुरेशी नव्हती. त्याच्या पित्याची सैनिकी सेवा सिद्ध व्हावी लागे. एकाच गावात, एकाच कारखान्यात काम करणाऱ्या दोन मजुरांपैकी एक युद्धात आणि दुसरा यंत्रात सापडून मेला, तर पहिल्याच्या मुलाला निवासी शाळा मिळे आणि दुसऱ्याच्या मुलाच्या वाट्याला निराधारगृह येई. या निराधारगृहांत वृद्ध, रोगी, वेडसर माणसे आणि मुले यांना एकत्र ठेवले जात असे.

याबाबतचा कालक्रम बोलका आहे. सैनिकांच्या मुलांना निराधारगृहाच्या वाटेवरून वळविणारी व्यवस्था १८६४ मध्ये सुरू झाली. अन्य मुलांना दीर्घकाळ निराधारगृहात ठेवण्यास मनाई करणारा कायदा याच राज्यात १८८३ मध्ये झाला. सर्व मुलांसाठी सक्तीच्या शिक्षणाचा कायदा तर १८९५ मध्ये आला. सैनिकांच्या मुलांसाठी केलेली तरतूद ही पुढील व्यापक सुधारणांची नांदी होती, असा युक्तिवाद करता येईल आणि त्यात तथ्यही आहे; राज्य मुलांच्या पोषणाचा भार उचलू शकते, हे या प्रयोगाने दाखवून दिले. परंतु निराधारगृहापासून संरक्षण मिळण्यास अन्य मुलांना एकोणीस वर्षे वाट पाहावी लागली, याचाही हिशेब मांडला पाहिजे.

सैनिकांच्या मुलांमध्येही समानता नव्हती. युद्धात कृष्णवर्णीय पलटणी लढल्या होत्या. पण त्यांच्या मुलांसाठी बक्स परगण्यातील ब्रिजवॉटर येथे वेगळी शाळा काढण्यात आली. पित्यांनी एकाच ध्वजाखाली प्राण दिले, तरी त्यांची मुले एका छपराखाली शिकू शकली नाहीत. सेवा हाच पात्रतेचा निकष आहे असे म्हणणाऱ्या कायद्याने येथे स्वतःचा निकषही पाळला नाही.

माता आणि संस्था :

'अनाथ' हा शब्द या कायद्यांत पितृहीन अशा अर्थाने वापरला आहे. शाळांत दाखल झालेल्या अनेक मुलांच्या माता हयात होत्या. त्यांना मुलाला वाढविण्याची इच्छा नव्हती असे नव्हे. त्यांच्यापाशी साधन नव्हते. केंद्र शासनाच्या १८६२ च्या निवृत्तिवेतन कायद्यानुसार साध्या सैनिकाच्या विधवेला दरमहा ८ डॉलर मिळत. १८६६ पासून सोळा वर्षांखालील प्रत्येक मुलामागे दरमहा २ डॉलरची भर पडली. म्हणजे मुलासाठी आईच्या हाती वर्षाला २४ डॉलर येत. तेच मूल शाळेत दाखल झाले की मोठ्या मुलामागे राज्य शाळाचालकाला वर्षाला शंभराहून अधिक डॉलर देई.

ही तुलना करताना शाळेत शिक्षणाचाही खर्च अंतर्भूत होता, हे लक्षात घ्यावयास हवे. तरीही मुलाला आईजवळ ठेवून मदत करण्याचा पर्याय कायद्याने विचारात घेतला नाही, ही बाब दुर्लक्षिता येत नाही. त्यामागे विधवा गरीब स्त्रीच्या संगोपनक्षमतेविषयीचा अविश्वास होता. घरापेक्षा संस्थेची शिस्त श्रेष्ठ, ही त्या काळची समजूत होती. मुलांसह घर चालविणाऱ्या मातांना थेट साहाय्य देणारा कायदा पेनसिल्व्हेनियात १९१३ मध्ये झाला. तोपर्यंत सैनिकांच्या मुलांच्या कित्येक पिढ्या सोळाव्या वर्षापर्यंत संस्थेत वाढून बाहेर पडल्या होत्या. आईचे घर हे बालकल्याणाचे पहिले स्थान आहे, हे कायद्याला उमगण्यास अर्धे शतक लागले.

कंत्राट पद्धती आणि १८८६ चे प्रकरण :

दरडोई ठराविक रकमेच्या पद्धतीत एक अंगभूत धोका असतो. उत्पन्न मुलांच्या संख्येवर ठरते आणि नफा खर्च कमी करण्यावर. सेवाभावी चालक असेल तोवर ही पद्धत निभावते. चालक व्यापारी असेल, तर मुलाच्या ताटातील प्रत्येक कमी झालेला घास त्याच्या खिशात जातो. कालांतराने अनेक शाळा मोजक्या व्यक्तींच्या हातात एकवटल्या. फेब्रुवारी १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथील 'रेकॉर्ड' या वृत्तपत्राने या शाळांतील निकृष्ट अन्न, अपुरे कपडे, अस्वच्छता, एका बिछान्यावर दाटीने झोपविली जाणारी मुले आणि चालकांना होणारा नफा यांची लक्तरे वेशीवर टांगली. गव्हर्नर रॉबर्ट पॅटिसन यांनी स्वतः शाळांना भेटी देऊन चौकशी केली.

येथे एक मुद्दा ध्यानात घेणे आवश्यक आहे. या शाळांसाठी निरीक्षक नव्हते, असे नाही. राज्याने नेमलेले निरीक्षक होते, ते शाळांना भेटी देत व अहवालही सादर करीत. तरीही जे वार्ताहरांना दिसले, ते त्यांच्या अहवालांत आले नव्हते. कारण स्पष्ट आहे. निरीक्षक ज्या खात्याला बांधील होते, त्याच खात्याने कंत्राटे दिली होती. शाळेचा दोष दाखविणे म्हणजे खात्याचा दोष दाखविणे होते. शिवाय मुलांना वा त्यांच्या मातांना तक्रार करण्यासाठी कायद्याने कोणतेही द्वार ठेवले नव्हते. उपकार स्वीकारणाऱ्याने तक्रार करावयाची नसते, हा अलिखित नियम सर्वत्र लागू होता.

केवळ कंत्राटदारांना दोष देऊन हा प्रश्न संपत नाही. त्याच राज्यातील गेटिसबर्ग येथे १८६६ मध्ये लोकवर्गणीतून सैनिकांच्या अनाथ मुलांचे एक गृह सुरू झाले होते. रणभूमीवर आपल्या तीन मुलांचे छायाचित्र हाती धरून मृत्यू पावलेल्या सार्जंट एमॉस ह्युमिस्टन यांच्या कहाणीने देश हेलावला होता आणि त्यातून या गृहाला चालना मिळाली होती. तेथे नफ्याचा हेतू नव्हता. तरीही तेथील संचालिकेच्या क्रूर वागणुकीची प्रकरणे १८७६ मध्ये उघड झाली आणि पुढच्याच वर्षी ते गृह बंद पडले. सरकारी कंत्राट असो वा लोकांची सहानुभूती, मुलाचे म्हणणे ऐकणारी स्वतंत्र यंत्रणा नसेल तेथे परिणाम सारखाच होतो, असे या दोन उदाहरणांवरून दिसून येते.

सुधारणा आणि अखेर :

१८८९ मध्ये विधिमंडळाने या शाळांसाठी स्वतंत्र आयोग नेमला. त्यात लोकप्रतिनिधींबरोबर 'ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक' या माजी सैनिकांच्या संघटनेचे सभासद होते. कंत्राटी शाळांऐवजी राज्याच्या स्वतःच्या शाळा, हे धोरण स्वीकारले गेले. फ्रँकलिन परगण्यातील स्कॉटलंड या गावी १८९५ मध्ये औद्योगिक शिक्षण देणारी निवासी शाळा उघडली. इतर शाळा क्रमाने बंद होत गेल्या आणि १९१२ नंतर स्कॉटलंड हीच एकमेव शाळा उरली. यादवी युद्धातील सैनिकांच्या मुलांची पिढी सरल्यानंतर पुढील युद्धांतील माजी सैनिकांच्या मुलांसाठी तिची दारे खुली राहिली.

ही सुधारणा मोलाची होती. तथापि तिनेही मूळ पाया बदलला नाही. शाळेचे अस्तित्व अर्थसंकल्पातील तरतुदीवरच टिकून होते. २००९ मध्ये आर्थिक मंदीच्या काळात गव्हर्नर एड रेंडेल यांच्या अर्थसंकल्पातून ही तरतूद वगळली गेली आणि शाळा बंद झाली. निवासी संस्थांचे युग संपले असून मुलांना नियमित शाळेत पाठविणे अधिक हितावह आहे, असे समर्थन करता येण्याजोगे आहे. परंतु ज्यांनी येथे घर मानले होते, त्या मुलांना निर्णय कळविण्यात आला. निर्णय घेताना त्यांचा विचार कोणत्या हक्काच्या आधारे व्हावा, याचे उत्तर कायद्यात नव्हते. १८६६ मध्ये मुलांच्या गाण्यांनी जे वाचले, ते २००९ मध्ये वाचले नाही. दोन्ही वेळी निर्णयाचा आधार राज्यकर्त्यांची इच्छा हाच होता.

दुसरा मार्ग : आयोवा

याच काळात आयोवा राज्याने काहीसा निराळा मार्ग धरला. ॲनी विटेनमायर यांच्या पुढाकाराने तेथे युद्धकाळातच सैनिकांच्या अनाथ मुलांचे गृह सुरू झाले आणि १८६६ मध्ये ते राज्याने आपल्याकडे घेतले. सैनिकांच्या मुलांची संख्या ओसरू लागल्यावर १८७६ मध्ये त्या गृहाची दारे अन्य निराधार मुलांनाही उघडण्यात आली. या बदलाने सैनिकाचा सन्मान कमी झाला नाही. त्याच्या निमित्ताने उभी राहिलेली व्यवस्था इतर मुलांच्या उपयोगी पडली. सैनिकाच्या मुलासाठी सुरू झालेले काम सर्व मुलांपर्यंत पोहोचावे, ही दिशा तात्त्विकदृष्ट्या अधिक समर्थनीय वाटते.

भारतीय संदर्भ :

हा इतिहास भारतीय वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. भारतात सैनिकाचे निवृत्तिवेतन हा केंद्राचा विषय आहे, तर माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबांच्या कल्याणाचे प्रत्यक्ष काम बव्हंशी राज्यांकडे आहे. महाराष्ट्रात पुणे येथील सैनिक कल्याण विभाग व जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये हे काम पाहतात आणि सैनिकांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहे चालवितात. मात्र या व्यवस्थेचा आधार मुख्यतः शासन निर्णय, नियम व कल्याण निधी हा आहे. १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला साजरा होणारा सशस्त्र सेना ध्वजदिन आणि त्यानिमित्त होणारे निधिसंकलन सर्वपरिचित आहे. समाजाने कृतज्ञतेने दिलेल्या या निधीचे मोल मोठे आहे. तरीही निधीतून मिळणारे साहाय्य आणि कायद्याने मिळणारा हक्क यांतील अंतर पेनसिल्व्हेनियाच्या अनुभवाने स्पष्ट केलेले आहे.

केंद्राच्या पातळीवरील एक अलीकडचे उदाहरण या संदर्भात नमूद करण्यासारखे आहे. १९७१ च्या युद्धानंतर हुतात्मा, बेपत्ता व अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या मुलांचा शैक्षणिक खर्च उचलण्याची सवलत जाहीर झाली. सप्टेंबर २०१७ मध्ये एका आदेशान्वये शिक्षण व वसतिगृह शुल्काच्या प्रतिपूर्तीवर दरमहा १०,००० रुपयांची मर्यादा घालण्यात आली. नौदलप्रमुखांनी संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहून फेरविचाराची विनंती केली, सर्व थरांतून नाराजी व्यक्त झाली आणि मार्च २०१८ मध्ये ही मर्यादा उठविण्यात आली. शेवट चांगला झाला. परंतु साडेचार दशकांची सवलत एका आदेशाने आकुंचित होऊ शकते, हे त्यातून सिद्ध झाले. ज्या विद्यार्थ्याचे वर्ष मध्यावर होते, त्याला त्या काही महिन्यांत न्यायालयात दाखविता येईल असे एकही वैधानिक कलम या सवलतीच्या मागे नव्हते.

याउलट सहा ते चौदा वयोगटातील प्रत्येक मुलाचा शिक्षणाचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१-क मध्ये व २००९ च्या अधिनियमात नोंदलेला आहे. तेथे मूल स्वतः हक्कदार आहे. त्याचा बाप कोण होता, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. त्या हक्काच्या अंमलबजावणीत त्रुटी असतील, पण त्रुटी दाखविण्यासाठी हाती कायदा आहे.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. सैनिकांच्या मुलांसाठीचा कायदा केवळ कृतज्ञतेवर उभा असेल, तर कृतज्ञतेची भावना ओसरताच तो दुबळा होतो. बालकाचा हक्क आणि राज्याचे कर्तव्य या शब्दांत तरतूद असणे आवश्यक आहे.

२. साहाय्याचे पहिले स्थान मातेचे घर असावे. संस्था हा नंतरचा पर्याय होय.

३. दरडोई अनुदानावर चालणाऱ्या संस्थांचे निरीक्षण अनुदान देणाऱ्या खात्याकडे नसावे. मुलाला व मातेला तक्रारीसाठी स्वतंत्र व्यासपीठ मिळावे.

४. सैनिकाच्या मुलासाठी निर्माण केलेल्या सोयी अन्य निराधार मुलांपासून तोडून ठेवण्याऐवजी त्यांच्यापर्यंत पोहोचविण्याचा मार्ग कायद्यातच खुला ठेवावा.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, सर्व मुलांना सारखेच मानावयाचे, तर सैनिकाच्या मुलासाठी वेगळा कायदा हवाच कशाला? हा आक्षेप गंभीर आहे. त्याचे उत्तर असे देता येईल की, सैनिकाचे मरण राज्याने मागितलेले असते; म्हणून त्याच्या मुलाबाबत राज्याची जबाबदारी दुहेरी ठरते. एक जबाबदारी बालक म्हणून, दुसरी हुतात्म्याचे अपत्य म्हणून. पहिली जबाबदारी पूर्ण केल्यावर दुसरीची भर घालावयाची असते. दुसरीचा गौरव करून पहिली टाळावयाची नसते. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने दुसरी जबाबदारी मोठ्या मनाने ओळखली, पहिली ओळखण्यास मात्र फार उशीर केला. महाराष्ट्रासारख्या, जिल्ह्याजिल्ह्यांतून सैनिक देणाऱ्या राज्याने याविषयी स्वतंत्र कायद्याचा विचार करताना हा क्रम उलटा होणार नाही, याची दक्षता घेणे अगत्याचे आहे.